चित्राप्रमाणे भरलेली पेटी

छायाचित्रकारांच्या बैठकीच्या खोलीत माणसांना बसायला जागा उरली नव्हती, कारण प्रत्येक खुर्चीवर एकेक बॅग विराजमान होती. लग्नकार्यासाठी खांद्यावरची रुंद बॅग, पक्ष्यांसाठी पाठीवरची उंच, लहान मुलांच्या वाढदिवसांसाठी कमरेची इवलीशी, आणि कुटुंबाच्या समूहचित्रांसाठी चाकांची पेटी. प्रत्येक कार्यास स्वतंत्र पात्र असावे, अशी त्यांची निष्ठा होती. निष्ठेत उणे काही नव्हते. उणे होते ते भरण्यात. एका लग्नात ते पक्ष्यांची लेन्स घेऊन गेले, आणि नवरदेवाची एक भुवई तेवढी अत्यंत सुस्पष्ट आली. पाणथळीवर बगळे टिपायला बसले, तेव्हा बॅगेतून खुळखुळा निघाला.

शेवटी त्यांना उपाय सुचला. प्रत्येक बॅग निर्दोष भरायची, उघडी ठेवून वरून तिचे छायाचित्र घ्यायचे, आणि ते मोठे छापून झाकणाला आतून चिकटवायचे.

"आता विचारच करायचा नाही," त्यांनी पत्नीला बजावले. "चित्रात आहे ते आत. चित्रात नाही ते बाहेर. आपलं डोकं मध्ये घालायचं नाही."

"एवढ्यासाठी मोठा कॅमेरा कशाला? मोबाइलवर काढला असता की."

"मोबाइलवर काढतात त्याला फोटो म्हणत नाहीत."

या पद्धतीची पहिली परीक्षा सासुरवाडीतच होती. सासरे आणि त्यांचे धाकटे बंधू भिंतीला भिंत लावून राहत, परंतु कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नसत. वादाचे मूळ एक लाकडी शिडी. ती धाकट्यांनी नेली होती, आणि थोरल्यांच्या मते ती परत आली नव्हती. पत्नीने दोन्ही घरी खेपा घालून, रुसून, प्रसंगी डोळ्यांत पाणी आणून, दोघांना एका फोटोपुरते एकत्र उभे राहायला राजी केले होते. ही संधी हुकली असती तर दुसरी मिळणार नव्हती, हे ती प्रवासाच्या आदल्या दिवसापासून नवऱ्याला ऐकवत होती.

सकाळी ते स्नान करीत असता पत्नी चाकांची पेटी चित्राशी ताडून पाहत होती.

"अहो, इथं मधल्या कप्प्यात एक जास्तीचं आहे!"

"चित्रात आहे का?" स्नानगृहातून प्रश्न आला.

"चित्रात नाही, पण हा तर..."

"नाही ना? मग काढ बाहेर! चर्चा नको!"

तिने काढले. पुढे पेटी गाडीत ठेवताना छायाचित्रकार प्रसन्न झाले. "बघ, पद्धत असली की ओझंसुद्धा हलकं होतं."

सासऱ्यांच्या अंगणात मंडळी मांडून ठेवल्यासारखी उभी होती. दोघा बंधूंच्या मध्ये एक कपाट सहज मावले असते. छायाचित्रकारांनी गंभीरपणे ट्रायपॉड उभा केला, फ्लॅश वेगळ्या स्टँडवर चढवला, प्रकाश मृदू करणारी पांढरी छत्री उघडली, आणि डोळा लावण्यासाठी ते वाकले. डोळा ट्रायपॉडच्या रिकाम्या माथ्यावर आपटला.

ते पेटीकडे परतले. काहीतरी नव्हते, परंतु चित्राप्रमाणे सर्व होते. त्यांनी चित्रावरून बोट फिरवले. लेन्सा होत्या, तारा होत्या, पुसायचे फडकेसुद्धा होते. चित्रात मधोमध एक चौकोनी पोकळी होती. पेटीतही मधोमध चौकोनी पोकळी होती. दोन्ही पोकळ्या तंतोतंत जुळत होत्या. मग हळूहळू त्यांच्या ध्यानी आले की ज्याने हे चित्र घेतले तो कॅमेरा चित्र घेताना त्यांच्या हातात होता. द्रष्टा दृश्यात सापडत नाही, हा वेदान्त्यांचा सिद्धान्त त्यांना त्या अंगणात डोळा चोळता चोळता पटला.

"जावईबापू, मला दुकान उघडायचंय," पत्नीचे काका म्हणाले. "काय ते उरका."

"काका, जरा डावीकडे," छायाचित्रकार म्हणाले. "बाबा, तुम्ही उजवीकडे. अं... नाही, परत पहिल्यासारखे."

"पहिल्यासारखेच तर होतो!" सासरे म्हणाले. काकांनी नकळत मान डोलावली आणि लगेच ती सावरली.

"भावोजी, माझ्या मोबाइलवर काढू का?" मेहुणीने विचारले.

"छे, छे! मोबाइलवर..." पुढचे वाक्य त्यांनी स्वतःच याच अंगणात अनेकदा उच्चारले होते. ते गिळून, वेळ काढण्यासाठी, तोंडाला आले ते बोलून गेले. "वरून घेऊ या! कुणाकडे शिडी आहे का?"

पत्नीने कपाळाला हात लावला.

"शिडी?" सासरे आभाळाकडे पाहत म्हणाले. "विचारा, ज्यानं नेली त्याला."

"त्याच महिन्यात आणून ठेवली मी!" काका उसळले. "तुझ्या गॅरेजच्या मागं, दादा!"

"मला सांगितलंस?"

"सांगायला आलो तर तू दार लावून घेतलंस!"

"चल, दाखव कुठाय."

"चल की!"

दोघे तरातरा गॅरेजमागे गेले. छायाचित्रकारांनी पत्नीला बाजूला घेतले. "सगळं संपलं. कॅमेरा घरीच राहिला."

"घरी कशाला राहील?" तिने पर्समधून, टॉवेलात गुंडाळलेला, तो बाहेर काढला. "तुम्हीच म्हणालात काढ बाहेर. उघड्यावर कसा टाकू?"

"अगं, मग मघापासून गप्प का होतीस?"

"डोकं मध्ये घालायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?"

गॅरेजमागचा आरडाओरडा एकाएकी थांबला, आणि त्यातून खोकल्यासारखे हसू फुटले. मग दोन्ही बंधू शिडीचे एकेक टोक धरून आले. शिडीला वेल गुंडाळला होता, काकांच्या डोक्यावर कोळिष्टक होते.

"दादा, टोक सांभाळ."

"तू आपल्या पायांखाली बघ आधी!"

"अहो, काढा आता!" पत्नी ओरडली.

छायाचित्रकारांनी काढला. ना ट्रायपॉड, ना छत्री. चित्रातली एकही वस्तू त्या दिवशी उपयोगी पडली नाही. उपयोगी पडली ती चित्रात नसलेली. काकांचे दुकान काही त्या दिवशी उघडले नाही.

घरी परतल्यावर त्यांनी झाकणावरचे चित्र सोलून काढले, कॅमेरा मधल्या कप्प्यात आदराने ठेवला, आणि नवे चित्र घेण्यासाठी हात पुढे केले. हात रिकामे होते. पेटी पूर्ण भरली होती. एकदा कॅमेरा उचलला, कप्पा रिकामा झाला, पुन्हा ठेवला.

"तुझा मोबाइल दे जरा," शेवटी ते भिंतीकडे पाहत म्हणाले.

"कशाला?"

"एक... नोंद ठेवायची आहे. या पेटीची. म्हणजे, दिसेल अशी."

पत्नीने मोबाइल पुढे केला, पण सोडला नाही. "काय काढायचंय म्हणालात?"

"फोटो," छायाचित्रकार म्हणाले.