क्लच सोडा

खारबावचे केसरीनाथ अकरा वाजता गाडी बघायला येणार होते, आणि नेमकी आज गाडी इतकी गुणी वागत होती की नरेंद्रला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

गाडी त्याच्या बापाची. जानूबाबांनी लूमवरची शिफ्ट संपवून येऊन नरेंद्रला तिच्यावर शिकवलं होतं. "क्लच हळू सोडायचा, बाळा. धसकन सोडशील तर गाडी उडी मारंल." बाबा गेले, गाडी मागे राहिली. पण मागच्या महिन्यात ती कशेळीच्या पुलावर, दोन कंटेनरच्या मधोमध बंद पडली आणि मागे बसलेल्या बायकोने, संघरत्नाने, तिथेच निकाल दिला, "आता घरात ही तरी राहील, नाहीतर मी तरी." नरेंद्रने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला, म्हणून गिऱ्हाईकही तिनेच शोधलं.

आता गाडी वाचवायचा उपाय एकच होता. गिऱ्हाईकानेच नको म्हणायला हवं. इंजिनाला हात लावायची नरेंद्रची हिंमत नव्हती, पण क्लच बिघडवायला काय अक्कल लागते? संघरत्ना स्वयंपाकघरात आहे असं बघून तो पाना घेऊन अंगणात उतरला.

आधी त्याने क्लचची वायर ढिली केली. मग गाडी चालू करून, क्लच दाबून गिअर टाकला, तर दाबलेला क्लच लागलाच नाही. गाडीने उडी मारली आणि शेजारच्या आक्कांचा पाण्याचा ड्रम आडवा केला.

"कोन मेलाय रं त्यो?"

"मीच, आक्का. क्लच बघत होतो."

"मंग डोले उघरून बघ ना! आजचं सगलं पानी गेलं माझं!"

आक्कांना हंडे भरून देता देता नरेंद्रला शहाणपण सुचलं. उडी मारणारी गाडी वाईट. केसरीनाथांचा पाय मोडला तर गाडी जाईल ती जाईलच, वर अब्रूही जाईल. मग त्याने वायर उलट ताणली, इतकी की क्लच कायम दाबल्यासारखाच राहिला. आता इंजिन नुसती बोंब मारायचं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायची. त्याने मनातल्या मनात बापाची माफी मागितली.

केसरीनाथ तासभर आधीच हजर झाले.

"जय भीम, नरेंद्रभाऊ. मारू का एक चक्कर?"

गाडी बोंबलत गल्लीत निघाली. सुताची बाचकी लादलेली एक हातगाडी तिला मागे टाकून पुढे गेली. हातगाडीवाला वळून म्हणाला, "चचा, किसी को बोलो धक्का मारे!" नरेंद्रने तोंड फिरवून हसू दाबलं.

केसरीनाथ घामाघूम होऊन परतले. "एवरी बोंबलते, पन पलत न्हाय!"

"तुम्हाला फसवून मला कुठे जायचंय, काका?" नरेंद्रने चेहरा जमेल तेवढा पाडला. "नकाच घेऊ."

"नको कशी? मना हीच पायजे! आमचा नातू, भाविक नाव त्याचं, लायसन काय मिलाला, नुसता वाऱ्यावं उरतोय. दोनदा आपटला. त्याला गाडीचा आवाज पायजे, मना त्यो जित्ता पायजे. ही दोघांचं भागवल."

नरेंद्र घाईघाईने पुढे झाला. "अहो, पण क्लच दोन मिनिटांत नीट होतो! मग बघा कशी पळते..."

चहा घेऊन संघरत्ना दारात उभी होती आणि त्याच्या काळ्या बोटांकडे बघत होती.

"दोन मिनिटांत होतो?" तिने गोड आवाजात विचारलं. "मग सकाळपासून पाना घेऊन काय करत होतात?"

नरेंद्रने हात पाठीमागे नेले.

केसरीनाथ चहा फुंकत म्हणाले, "ताई मघाशी फोनवं बोलल्या, 'काका, तुम्हाला पायजे तशी झालीय गाडी, आताच या.' तसाच उठून आलो बघा."

चहा संपला, पैसे मोजून झाले. केसरीनाथांनी पिशवीतून आणलेला झेंडूचा हार हँडलला घातला, गाडीवर बसले, किक मारून गिअर टाकला आणि थांबले. क्लचवरच्या त्यांच्या हातावर नरेंद्रचा हात घट्ट होता.

"भाऊ, क्लच सोडा ना आता."

"हळू सोडा," संघरत्ना मागून म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

नरेंद्रने सोडला, बाबांनी शिकवलं होतं तसा, अगदी हळू. गाडी जिवाच्या आकांताने बोंबलली. पण गल्लीच्या तोंडाशी जरासा चढ होता, आणि तिथे ती जागची हलेना. शेवटी नरेंद्रनेच मागून धक्का मारून तिला घालवली.