त्याच मांडीचं द्या

माणसाची प्रगती तो काय खातो यावरून ठरत नाही. खाल्लेल्या वस्तूला आधी किती जणांचे हात लागले, यावरून ठरते. हे कुठल्याशा शास्त्रात नक्की लिहिलेलं असणार. (नसेल तर पुढच्या आवृत्तीत घालून घ्यावं.) या कसोटीवर भिलाईच्या टाउनशिपमधलं फुंडे कुटुंब वर्षानुवर्षं मागासलेलं होतं. त्यांच्याकडे दर रविवारी मटण यायचं ते सुपेल्याच्या बाजारातून, भय्याजीच्या दुकानातून, प्लॅस्टिकच्या काळ्या पन्नीत; आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग त्या घरात जया सून म्हणून आली.

जया चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली. बी.एस्सी., विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पहिल्याच वर्षी सरांनी सगळ्या वर्गाला काचेच्या बशीतल्या जेलीवर अंगठा टेकवायला लावला आणि मग त्या अंगठ्यातून काय उगवतं ते दाखवलं. जया वर्गातली सर्वांत जास्त वेळा हात धुणारी मुलगी. तिच्या बशीत पिवळट, केसाळ असं काहीतरी उगवलं होतं आणि ते तिच्याकडे बघत होतं. शिक्षणाने माणसाच्या मनात एखादा तरी पक्का विश्वास निर्माण व्हावा, असं म्हणतात. तो त्या दिवशी झाला. जगातल्या कुठल्याही अंगठ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा तिचा विश्वास पुढे कधीच ढळला नाही.

अशा आईच्या पोटी मोनू जन्मला. तो अडीच वर्षांचा झाला आणि काहीच खाईना. ‘काहीच’ हा शब्द आया सैल हाताने वापरतात. इथे तो नेमक्या अर्थाने घ्यावा. भिंतीचा चुना, सोफ्याचं रेक्झिन आणि क्रीमच्या बिस्किटातलं फक्त क्रीम, एवढं सोडलं तर मोनू काहीच खात नव्हता. बाकी जे भरवावं ते तो शांतपणे उजव्या गालात ठेवून द्यायचा. थुंकायचा नाही (संस्कार होते), गिळायचाही नाही. दुपारचा वरणभात संध्याकाळी बागेत झोक्यावर बसलेल्या मोनूच्या गालात जसाच्या तसा सापडे. जया दिवसातून कितीदा तरी त्याच्या गालात बोट घालून साठ्याची तपासणी करी. (बोट. अंगठा नव्हे.)

मुलांच्या डॉक्टरांनी पापण्या ओढून पाहिल्या, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि काट्यावर उभ्या मोनूकडे बघून म्हणाले, “लोह कमी आहे. वजन तर वाढतच नाही. औषध देतोच, पण घरी नॉनव्हेज चालतं ना? मग कलेजी द्या. पोटात गेली पाहिजे मात्र.”

ते शेवटचं वाक्य जयाच्या मनात घर करून बसलं. पोटात गेली पाहिजे. आणि कुणाच्या अंगठ्याखालून जाणार होती ती?

घरी सासरे रामाजी निर्धास्त होते. “कावून घाबरून राहिली पोरी? भय्याजी आपल्या वळखीचा हाय. मी बोट दाखवलं का, त्याच मांडीचं देते तो. दुसऱ्याले नाई देत.”

रामाजी स्टील प्लांटमधून रिटायर झाले तेव्हा त्यांचे सगळे अधिकार गेटवर जमा झाले; एक तेवढा उरला होता. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सुपेल्याला जायचं आणि लटकलेल्या मांड्यांपैकी एकीकडे बोट दाखवायचं. जयाने तोही काढून घेतला. यापुढे मटण, कलेजी आणि कोंबडी सुपरमार्केटमधूनच येईल, असं तिने जाहीर केलं.

सुपरमार्केटची स्तुती करावी तेवढी थोडी. तिथे बकरा नसतो, हा त्याचा पहिला गुण. रक्त नसतं, माशी नसते, वास नसतो, ओरडणारा माणूस नसतो. पांढऱ्या ट्रेमध्ये, पारदर्शक कागदाखाली, गुलाबी तुकडे अगदी शिस्तीत झोपलेले असतात, जणू शिशुशाळेतली दुपार. वर लिहिलेलं असतं: ‘मानवी स्पर्शाशिवाय’. शेजारी एक चौकोनी ठिपक्यांचा कोड. तो मोबाइलने टिपला की हिरव्यागार टेकडीवर उभ्या असलेल्या बकऱ्याचा फोटो उघडतो. तो हसत असतो. (भिलाईच्या आसपास उन्हाळ्यात अशी टेकडी कुणी पाहिली असल्यास कळवावं. बकऱ्यालाही तिथे पोचवता येईल.) निघताना दाराशी पाच चेहऱ्यांचं एक यंत्र असतं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आपला अनुभव कसा होता, ते एक चेहरा दाबून सांगायचं. जया दर वेळी सर्वांत हसरा चेहरा दाबायची. (कोपराने.)

कलेजीबरोबर मटणाचा पहिला ट्रे घरी आला तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे तुळसाबाईंनी, तो उलटासुलटा करून पाहिला.

“गंध नाई, रंग नाई. हे बकरं दवाखान्यात मेलं का वं?”

“आई, ते चार डिग्रीवर ठेवलेलं असते. पूर्ण रस्ताभर थंड. कोल्ड चेन म्हणतात त्याले.”

“अन् कोनत्या मांडीचं हाय?” रामाजींनी विचारलं.

यावर कोडमध्येही माहिती नव्हती.

कलेजी शिजली. जयाने बारीक तुकडे केले, फुंकर घातली, भरवले. मोनूने एक एक तुकडा आज्ञाधारकपणे घेतला आणि गालात ठेवला. संध्याकाळच्या तपासणीत सगळे तुकडे हजर होते. कुठल्या कुठल्या गावाहून गाडीत, गोदामात, फ्रीजरमध्ये, मानवी स्पर्शाशिवाय निघालेली ती शीतसाखळी भिलाईत सुखरूप पोचली होती. फक्त तिचा शेवटचा दुवा मोनूचा गाल होता आणि माल तिथेच अडकला होता. तोही एक्स्पायरीच्या आत.

आठवड्यामागून आठवडे असेच गेले. डॉक्टरांचा काटा जागचा हलेना. जया रात्री मोनूच्या बरगड्यांवरून हात फिरवायची आणि मग तो हात धुवायची. तुळसाबाई येता-जाता हवेला सांगायच्या, “पॅकिंग पाहून मानसाले भूक लागत असन. पोट्ट्याले नाई लागत.” रामाजी रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून नुसतेच व्हरांड्यात बसायचे. कुणाकडे बोट दाखवावं, हे त्यांना समजत नव्हतं.

शेवटी जयाने ठरवलं की हा प्रश्न एकदाचा निकालात काढायचा. भय्याजीच्या दुकानाची रीतसर पाहणी करायची, ते मनुष्यवस्तीस अयोग्य आहे हे सिद्ध करायचं आणि घरातला असंतोष शास्त्राच्या आधारे शांत करायचा. तिचा नवरा नरेश प्लांटच्या सेफ्टी विभागात होता. त्याला तिने सोबत चलायला सांगितलं.

“यार जया, संडे है,” तो उशीतून म्हणाला. “सहा दिवस प्लांटमध्ये ऑडिट, अन् सातव्या दिवशी बकऱ्याचं ऑडिट? मैं नहीं आ रहा.”

“मंग तुझे जुने सेफ्टी शूज दे.”

तुळसाबाई भजनाला निघाल्या होत्या, म्हणून मोनूलाही घ्यावं लागलं. अशा रीतीने तोंडाला मास्क, पायात दोन-दोन मोजे आणि नवऱ्याचे लोखंडी टोकाचे बूट, कडेवर गालात सकाळचा उपमा बाळगणारा मुलगा, आणि पुढे इस्त्रीच्या शर्टात तेजाने उजळलेले रामाजी, असं पाहणी पथक सुपेल्यात दाखल झालं.

भय्याजी ओट्यावर मांडी घालून बसला होता. म्हणजे एक पाय दुमडलेला. दुसऱ्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात लांब सुरी उभी धरलेली. दोन्ही हातांनी तो मटण त्या पात्यावर आणायचा, ओढायचा आणि तुकडे पडायचे. खट. खट. खट.

जयाला काचेची बशी आठवली. आणि तो तर हाताचा अंगठा होता!

पाहणी तिथेच संपायला हरकत नव्हती. पण जया नजर ठेवणारी बाई. ती बघत राहिली, आणि तिला वेगळंच काहीतरी दिसलं. ओट्यापुढे गर्दी होती. एक मास्तर होते, एक ठेकेदार होता, वर्दीतला एक शिपाई होता. प्रत्येक जण पुढे होऊन गंभीरपणे बोट दाखवायचा.

“यातलं नाई हां, भय्याजी. त्या मांडीचं.”

“हाँ हाँ, उसी का,” भय्याजी मान डोलवायचा, आणि हातात जो तुकडा होता त्याचेच काप पाडायचा. खट, खट, पन्नी, पुढचा.

“चरबी नको. त्या कोपऱ्यातल्या मांडीचं दे.”

“वही तो दे रहा हूँ साहब.” खट, खट, पन्नी.

लटकलेल्या मांड्यांना कुणाचा हातही लागत नव्हता. मास्तर समाधानाने गेले. ठेकेदार समाधानाने गेला. शिपाई तर जाताना हसला. सुपरमार्केटच्या यंत्रावरचा सर्वांत हसरा चेहराही इतका हसरा नव्हता. मग रामाजी पुढे झाले. त्यांनी सगळ्या मांड्या निरखल्या, डोळे बारीक केले, आणि डावीकडच्या एका मांडीवर बोट रोखलं.

“आपके लिए तो वही रखा है, बाबूजी,” भय्याजी म्हणाला, आणि शिपायाच्या तुकड्यातलं उरलेलं त्यांच्या पन्नीत गेलं.

रामाजी विजयी मुद्रेने सुनेकडे वळले. “पाह्यलं? वळखीचा हाय.”

जयाने मास्क खाली ओढला. ती बोलणारच होती. इतक्यात कडेवरच्या मोनूने हात लांब केला आणि लटकलेल्या मांड्यांकडे बोट दाखवलं.

“वो!”

भय्याजी थांबला. ठेकेदाराला दिला नव्हता एवढा मान देऊन त्याने विचारलं, “कौन-सा साहब? ये?”

“ये नई! वो!”

“वोईच दे रहा हूँ साहब.” खट, खट.

मोनूने मान डोलावली. आणि त्याचा गाल हलला, गळा हलला, आणि सकाळपासून मुक्काम करून असलेला उपमा खाली उतरला. जयाने तो जाताना पाहिला. आवाजही ऐकला. त्या बाजारात, त्या माश्यांमध्ये, लोखंडी बुटांत उभ्या असलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“शाब्बास!” ती ओरडली. भय्याजीला वाटलं, त्यालाच म्हणाली.

शास्त्राचा माणूस निष्कर्षावर उड्या मारत नाही. जयाने प्रयोग घरी नेला. अर्थात सुपरमार्केटच्या, शिजवलेल्या कलेजीवर. अंगठ्याबाबतचं मत अजून बदललेलं नव्हतं. तिने बशीत दोन तुकडे ठेवले आणि विचारलं, “हे देऊ का ते?” मोनूने तिच्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक नवशिक्या दुकानदाराकडे पाहतं. काहीतरी कमी होतं. ती खाली बसली. पोळपाट पुढे घेतला. लाटण्याने खट खट केलं. मोनू जवळ आला, पण तोंड उघडेना. त्याने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली, आणि बोट दाखवलं.

“पाय.”

आईच्या आयुष्यात असे क्षण येतात की जिथे विज्ञान मागे राहतं आणि तिला एकटीनेच पुढे जावं लागतं. जया उठली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत हँडवॉशने धुतला, गरम पाण्याने धुतला, वरून स्पिरिट लावलं. मग स्वयंपाकघरात फरशीवर बसून तिने लोणी लावायची बोथट सुरी अंगठ्याच्या बेचक्यात उभी धरली आणि कलेजीचा तुकडा तिच्यावर ओढला.

“कौन-सा साहब?”

“वो!”

“वोईच दे रही हूँ,” जया म्हणाली, आणि जवळचा तुकडा दिला.

मोनूने मान डोलावली आणि गिळला.

“शाब्बास!”

तिने मान वर केली तेव्हा अख्खं कुटुंब दारात उभं होतं.

“आता वं माय,” तुळसाबाई म्हणाल्या, “बी.एस्सी. सून आनली, मटनवाली निघाली.”

“अंगठा सरळ ठेव पोरी,” रामाजींनी काळजीने सांगितलं. “भय्याजी असा नाई धरत.”

“अरे, ये तो विदाउट पीपीई चल रहा है,” नरेश म्हणाला, आणि मोबाइल काढला.

तो व्हिडिओ आयांच्या ग्रुपवर कसा गेला, याची चौकशी अजून सुरू आहे. करिष्मा नावाच्या मैत्रिणीने तर दुसऱ्याच दिवशी कोणतं स्पिरिट, असं विचारलं. आता टाउनशिपमधल्या अनेक सुशिक्षित घरांत जेवणाच्या वेळी आया एक पाय धुताना आढळतात. सुपरमार्केटनेही काळाची पावलं ओळखून ‘लाइव्ह काउंटर’ उघडला आहे. काचेपलीकडे हातमोजे घातलेला माणूस उभा असतो. आपण बोट दाखवतो, तो मान डोलावतो, आत जातो आणि आधीच भरलेला ट्रे घेऊन येतो. हसरा चेहरा दाबणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली आहे. रामाजींना रविवार परत मिळाला. पुन्हा सुपेल्याला जाऊ का, असं त्यांनी सुनेला विचारून घेतलं होतं. तिने होय म्हटलं आणि नंतर चौकशी केली नाही.

डॉक्टरांचा काटा हलला. चांगलाच हलला. डॉक्टर खूश झाले.

“काय केलंत हो?”

जयाने आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, “काही नाही. ओळखीच्या माणसाकडून घेतो.”

“बस्स, तेच महत्त्वाचं,” डॉक्टर म्हणाले. “माझाही सुपेल्यात एक आहे. भय्याजी. बाकीच्यांना काहीही देतो. पण मी बोट दाखवलं, की त्याच मांडीचं देतो.”

जयाने मान डोलावली.

वाचकांची गोष्ट अर्थात वेगळी. तुम्ही मास्तरांसारखे भोळे नाही, आणि डॉक्टरांसारखे तर मुळीच नाही. तुम्ही मटण घेताना नीट बघून बोट दाखवता. शाकाहारी असाल तर टरबूज वाजवून बघता आणि भेंडीचं टोक मोडता. तुमचा माणूस वर्षानुवर्षांचा ओळखीचा आहे. इतरांचं काही असो, तुम्हाला, फक्त तुम्हाला, तो नेहमी त्याच मांडीचं देतो.

गिळलंत ना? शाब्बास.