चालत न्यायची सायकल

दिवेलागणीला सायकल घेऊन बाहेर पडायचं, पण तिच्यावर बसायचं नाही, असा नेम पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी पेडणेकर. एक हात हँडलवर, एक सीटवर, पुढचा दिवा चालू, आणि हे गृहस्थ कुत्र्याला फिरवावं तशी सायकल फिरवत बायकोला आणायला स्टेशनवर निघायचे. येतानाही दोघं चालतच. सुनंदावहिनींचा हात कॅरिअरवर, पर्स हँडलला. "निदान त्यांना तरी डबलसीट आणा," असं आम्ही म्हणायचो. त्यावर पेडणेकर नुसते हसायचे. गंमत म्हणजे सकाळी कारखान्यात जाताना हाच माणूस त्याच सायकलवर टांग टाकून वाऱ्यासारखा सुटायचा.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईतल्या खोल्या विकून आम्ही भाईंदर पश्चिमेला एकाच मजल्यावर राहायला आलो होतो. मला पहिल्याच आठवड्यात पश्चात्ताप झाला. पाणी एक दिवसाआड, लाइट तिच्या लहरीप्रमाणे. बाजार संपला की आमच्या सोसायटीपर्यंत खांब होते, दिवे नव्हते. गटारांना झाकणं नव्हती. मी रोज चिडायचो आणि चिडून काही होत नाही म्हणून पुन्हा चिडायचो. पेडणेकरांनी मात्र सायकलला डायनामो बसवला.

डायनामो म्हणजे टायरला टेकवायचं ते बाटलीएवढं यंत्र. चाक फिरलं की ते फिरतं आणि दिवा लागतो. पण पायडल जोरात मारलं तरच. चालत नेली तर बल्बची तार नुसती लाल होते. पेडणेकरांना तर चालणाऱ्या माणसाला पुरेल एवढा उजेड हवा होता. या एका हट्टापायी त्यांनी आमचे दोन पावसाळे नासवले. जिन्याखाली कायम उलटी केलेली सायकल, वायरींचे तुकडे आणि मधोमध उकिडवे बसलेले पेडणेकर. कुणी जवळून गेलं की त्याला धरून बसवायचे. "तत्त्व समजून घ्या. चाक हळू, तर वीज कमी. मग हट्ट कुणी सोडायचा? बल्बने."

नाक्यावरच्या सायकलवाल्यानेही हात टेकले. "अंकल, साइकल चलाने के लिए ली है या टहलाने के लिए?"

"टहलाने के लिए," पेडणेकर गंभीरपणे म्हणाले.

शेवटी त्यांना तोड सापडली. हातातल्या बॅटरीचा इवलासा बल्ब. तो चालण्याच्या वेगात बऱ्यापैकी लागतो. मात्र डायनामो टायरला टेकलेला असताना कुणी सायकलवर बसून चार पायडलं मारली, की उडालाच. बसायचं नाही, हा नेम त्यातून आला. आणि बल्ब आमच्या मजल्यावरून यायचे. लाइट गेली की घरोघरी बॅटऱ्या निघायच्या आणि चारातल्या तीन बिनबल्बाच्या. "तत्त्व म्हणून परत करणारच होतो," असं म्हणत पेडणेकर मेणबत्ती घेऊन दारात हजर.

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, मग सरळ बॅटरीच का नाही घेत हातात?"

त्यांनी जिन्यात वर-खाली पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या हिला अंधार पडला की दिसत नाही. वाढत चाललंय. डॉक्टर म्हणतात, इलाज नाही. ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही, आणि इथले चार जण तिच्याच ऑफिसात आहेत. बॅटरी पायापुढे धरून नेलं तर एका दिवसात सगळ्यांना कळेल. सायकलकडे कोण बघतंय? फार तर हसतील."

हसणाऱ्यांत मी पहिला होतो. मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून मीच बल्ब आणून देऊ लागलो.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या मुलीला ताप चढला. घाईत मी न विचारता पेडणेकरांची सायकल घेतली, दवाखाना गाठला, औषध घेऊन तसाच जोरात परत आलो. स्टेशनवर निघायच्या तयारीत त्यांनी डायनामो टायरला टेकवून ठेवलाय, हे माझ्या गावीही नव्हतं. मुलीला औषध पाजल्यावर आठवलं. खाली धावलो, तर पेडणेकर सायकल घेऊन केव्हाच निघून गेले होते. निघताना पुरतं अंधारलेलं नसतं, पुढे स्टेशनपर्यंत दुकानांचा उजेड असतो. दिवा गेलाय हे त्यांना कळणार ते परतताना, नेमक्या अंधारात.

बाजार संपतो तिथे दोघं मला पुढे दिसली. डायनामो घरघरत होता, पण दिवा मेलेला. पेडणेकर ओणवे होऊन गटाराचा काठ चाचपडत पाऊल टाकत होते. त्यांनी वहिनींना अजून काही सांगितलेलं नव्हतं. मी धावत जवळ गेलो. माफी मागायला तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाल्या, "आज उजेड छान पडलाय हो तुमचा. खड्डान् खड्डा दिसतोय."

पेडणेकरांचं पाऊल अडखळलं. दिसतंय असं वहिनी कधीपासून नुसतं म्हणत होत्या, कोण जाणे. त्यांनी मागे वळून मला पाहिलं आणि मानेनेच नको म्हटलं. आवाज मात्र त्यांचा नेहमीसारखाच निघाला.

"नवीन बल्ब घातलाय ना आज," ते म्हणाले.