बुरशीला आवतण

आमच्या शेतातल्या बुरशीने इर्जिकीला यायला नकार दिला आणि तसं लेखी कळवलं. उत्तर ढेकळाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या तंतूंनी लिहिलेलं होतं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

इर्जिक म्हणजे कुणी अडला की सगळ्यांनी एक दिवस त्याच्या शेतात राबायचं आणि त्याने जेवू घालायचं. आम्ही अडलो होतो. माझी बायको इंदू हिने आईकडून आणलेली दगडी ज्वारी पाच गुंठ्यांत पेरली होती. त्या बियाण्याची दुसरी मूठ कुठे उरली नव्हती. विहीर आटली होती, रान भेगाळलं होतं, सकाळी दहालाच पानांची सुरळी होत होती. खाली ओल होती, पण मुळं तिथवर पोचत नव्हती. बुरशी पोचते, आणि तिचे तंतू ते पाणी मुळांना आणून देतात.

नकाराचं कारण खरं होतं. श्रावणात मी हळदीला औषध मारून पंप याच बांधावर धुतला होता. "डब्यावर आमचं नाव होतं," असं तिने लिहिलं होतं. नावापुढे 'नाशक' होतं.

ते कंद कुजवणाऱ्या बुरशीसाठी होतं, असं मी चिठ्ठीने कळवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं ढेकूळ. "ती आमची भावकी. आमचं येणंजाणं नाही."

इंदूने वही वाचली. "अहो, इर्जिकीचं आवतण कुणी चिठ्ठीने देतं का? दारात जाऊन सांगावं लागतं."

ती स्वतः गेली, मी मागोमाग. बुरशीला हळद सोसत नाही, म्हणून हळदकुंकवाऐवजी गुळाचा खडा नेला. भेगेपाशी बसून तिने माझी चूक माझ्यादेखत सांगितली, जरा खुलवूनच. मग म्हणाली, "एवढ्या वेळेला या, बाई. आईचं बी हातचं जाईल." जेवण ज्वारीच्या मुळांनी वाढायचं ठरलं. साखरेला हात आखडायचा नाही, एवढीच अट.

पाचव्या दिवशी भर दुपारी रानात गेलो. पानं उघडी होती. मी तीनदा पाहिलं आणि बांधावर बसून राहिलो. घरी येऊन सांगितलं, तर इंदू म्हणाली, माहीत आहे, आणि पदराने तोंड पुसलं.

कणसं भरली. बी राखेत घोळून मडक्यात ठेवलं.

इर्जिकीची फेड इर्जिकीनेच होते. काल बुरशी चिठ्ठी न पाठवता स्वतः उंबऱ्यापर्यंत आली. बुधवारी सकाळी सातला आम्ही दोघांनी खाली जायचं आहे. भाकरी बांधायची नाही, जेवण त्यांच्याकडे. खाली गार असेल, शाल घेऊ का, असं इंदूने विचारलं. मी घे म्हणालो.