पेरूचा रस आणि हजर माणसे

पेरूचा गढूळ रस नितळ करणारे एंझाइम रसाबरोबरच वाहून जाते, ही जुनी अडचण होती. प्रियदर्शनी शिरसाटने ते साबुदाण्याएवढ्या मण्यांत अडकवले आणि मणी काचेच्या नळीत भरले. आता वरून गढूळ रस ओतायचा, खालून नितळ घ्यायचा. एंझाइम जागच्या जागी, पुन्हा कामाला तयार.

तिच्या संशोधन संस्थेचे संचालक महिपती इनामदार नळीकडे बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे मोकळं सोडलं की वाया जातं, आणि जागेवर बसवलं की काम वाढतं?"

"एंझाइमचं, सर."

"तत्त्व कळलं."

सोमवारपासून संस्थेत कर्मचारी स्थिरीकरण लागू झाले. प्रत्येक खुर्चीखाली हजेरीचे यंत्र बसले. खुर्ची सोडली की अर्ध्या दिवसाची रजा.

गुरुवारी दुपारी रसकंपनीचे लोक नळी बघायला येणार होते. त्यांना पटली नाही तर प्रकल्प बंद. आणि सकाळी पेरूच नव्हते. प्रियदर्शनी फाटकाशी गेली. ड्रायव्हर सोनबा जीपमध्ये पट्टा लावून बसला होता.

"सोनबा, मार्केट यार्डातून पेरू आणता का?"

"आणले असते मॅडम. पण माझी खुर्ची म्हणजे हीच सीट, आणि तिची नोंद फाटकापाशी. जीप हलली की मी गैरहजर."

"मग इथं बसून करता काय?"

"हजर आहे."

ती संचालकांकडे गेली. "सर, एंझाइम बसून काम करतं, कारण रस त्याच्याकडे येतो. इथं कुणाकडे काही येतच नाही."

"बरोबर. रसाचा विचार राहूनच गेला," संचालक म्हणाले. "फिरायचं ते रसानं."

"पण रस कोण, सर?"

"ज्याचं काम अडलंय तो."

प्रियदर्शनी रिक्षाने गेली, पेरू घेऊन आली, रस काढून तिने नळीत ओतला. खाली नितळ थेंब पडू लागले. पाहुण्यांनी चव घेतली, मान डोलावली. पण नजर सगळी खुर्च्यांवर.

"एवढी माणसं एकाच वेळी जागेवर? आमच्याकडे शोधायला माणूस पाठवतो, तर तोही सापडत नाही."

करार खुर्च्यांचा झाला. नळी त्यावर भेट म्हणून गेली, त्यामुळे प्रकल्प मात्र वाचला. प्रियदर्शनीने समाधानाने उरलेला रस पिऊन टाकला. तिची अर्धी रजा लागली होती.

योजना आता बऱ्याच कार्यालयांत पोचली आहे. तुम्हीही जाऊन आला असाल. पहिल्या खिडकीतून तिसऱ्या मजल्यावर, तिथून झेरॉक्सला, पुन्हा पहिल्या खिडकीत. प्रत्येक खिडकीत माणूस हजर होता ना? मग तक्रार कसली? सकाळी आत शिरताना किती गढूळ होतात, आठवा. संध्याकाळी बाहेर पडलात तेव्हा अगदी नितळ. तोंडातून शब्दसुद्धा नाही.