तुळशीदासची रजा आणि बेचाळीस शाळा

ठाण्याच्या प्रशिक्षणातून तुळशीदास एकच गोष्ट शिकून आला होता: आलेली मेल त्याच दिवशी निकाली. जव्हारच्या त्याच्या शिक्षण कार्यालयात इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तरी त्याने मेलसाठी कप्पे पाडले, आणि बेचाळीस शाळांचे पत्ते एकत्र करून ‘सर्व’ नावाची यादी बनवली. तिच्यावर एक मेल टाकली की बेचाळीस ठिकाणी जायची.

म्हणजे जायची हर्षदाकडे. शाळांत संगणक नव्हते, म्हणून सगळ्या गुरुजींची खाती हर्षदाच्या सायबर कॅफेत उघडलेली. ती मेल उघडायची, छापायची आणि कागद एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. गुरुजी उत्तर लिहून त्याच गाडीने धाडायचे. हर्षदा ते टंकायची आणि गुरुजींनी बजावल्याप्रमाणे न चुकता सगळ्यांना पाठवायची.

त्या आठवड्यात तुळशीदासला फक्त तीन दिवसांची रजा हवी होती. पोशेऱ्याजवळच्या त्याच्या पाड्यावर बोहाडा, म्हणजे देवांचे मुखवटे चढवून नाचायचा उत्सव होता आणि वेताळाचं सोंग नाचवायचा मान त्याच्या घराचा. मागची दोन वर्षं रजा मिळाली नव्हती. पाड्यावरच्या जिवाकाकाने निरोप धाडला होता, “यंदा तुझ्या घरचा कोन नाय नाचला, तं मान दुसऱ्याच्या घरात जाल. मंग रडू नको.”

त्याने अर्ज लिहिला: ‘बोहाड्यात वेताळाचे सोंग नाचवावयाचे असल्याने तीन दिवस रजा मिळावी.’ पत्त्यात एस दाबला. खाली दोन नावं आली, साहेब आणि सर्व. दिवसभराच्या थकल्या बोटाने चुकीचं निवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदाचा फोन आला.

“दादा, काय लावलंय हे? एकेकाचं उत्तर बेचाळीस वेळा छापतेय मी. यंत्राला हात लावला तर भाजतंय!”

“कसलं उत्तर?”

“सोंगाचं!”

कार्यालयाचं पत्र, म्हणजे माहिती मागवली असणार, असं गुरुजींनी धरलं होतं. सतरा शाळांनी ‘सोंगांची माहिती निरंक’ कळवली. एकाने विचारलं, मुलामुलींची सोंगं स्वतंत्र दाखवायची का? एकाने प्रपत्र आखूनच मागितलं होतं.

तुळशीदासने ‘आधीचे पत्र रद्द समजावे’ असं सर्वांना कळवलं. त्यावर एकोणतीस जणांनी विचारलं, कोणतं पत्र?

शेवटी तो अर्जाचा कागद घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी आधी संगणकावर साचलेला उत्तरांचा ढीग पाहिला, मग त्याला.

“रजा मंजूर,” ते म्हणाले.

तुळशीदासचा जीव भांड्यात पडला.

“पण हे निपटवून जा. आलेली मेल त्याच दिवशी निकाली, असं तूच सांगत होतास ना आम्हाला?”

“साहेब, एक निपटवली की चार येतात.”

“मग लवकर बस.”

तो बसला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्याने उत्तरं वाचणं सोडलं, नुसती ‘पोच मिळाली’ लिहू लागला. पाड्यावर सोंगं नाचून संपली असतील, मान गेला असेल, जिवाकाका आता आयुष्यभर ऐकवील, असं मनात घोळवत त्याने चौथ्या दिवशी मेलची पेटी उघडली.

त्याच्याच पाड्यावरच्या शाळेतल्या देवराम गुरुजींची मेल होती. गुरुजी मूळचे जामसरचे, कुठलंही पत्र अंगाबाहेर न टाकणारे.

‘विषय: सोंग नाचविल्याबाबत अनुपालन अहवाल.

महोदय, आपल्या पत्रान्वये वेताळाचे सोंग शिरावर घेऊन नाचविण्यात आले. पत्र आपल्या नावाचे असल्याने सोंगही आपल्या घराच्या नावेच नाचविले, सबब मान आपल्याकडेच अबाधित आहे. श्री. जिवा यांनी समाधान व्यक्त केले. आपण नाचता त्यापेक्षा बरे झाले, असेही ते म्हणाले. रद्दचे पत्र सोंग उतरविल्यावर हाती पडले. पुढील वर्षाचे आदेश वेळेत मिळावेत.’

तुळशीदासने मेल दोनदा वाचली. मग मान खाली घालून लिहिलं, ‘पोच मिळाली.’