तात्यांचं अनुमोदन

निवृत्तीतात्यांनी ग्रामसभेत आजवर एकही सूचना मांडलेली नाही. मात्र गेल्या वीसेक वर्षांतला आमच्या गावाचा एखादा ठराव त्यांच्या अनुमोदनाशिवाय मंजूर झाला असेल, तर त्या दिवशी तात्या तापानं अंथरुणात असणार.

हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. ठराव लिहिताना खाली दोन नावं लागतात, एक सूचक आणि एक अनुमोदक. सूचक बदलत राहतात. अनुमोदकाच्या जागी सही ठरलेली, न चं शेपूट ओळीच्या बाहेर गेलेलं.

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर. पावसाळ्यात शनिवार-रविवार कड्यावरच्या पॉइंटला इतक्या गाड्या येतात की गावकऱ्यांना स्वतःच्या घरी जायला वाट मिळत नाही. त्यामुळे आमच्या सभांना विषयांची कमतरता नसते. पार्किंग, कचरा, रिसॉर्टवाल्यांचा डीजे, माकडं. कोणी काही मांडलं की पहिल्या रांगेतून तात्या गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि म्हणतात, "माजं अनुमोदन." एवढंच बोलून बसतात.

एका सभेत रिसॉर्टवाल्या संतोषनं मांडलं की गाड्या थेट कड्यापर्यंत जाऊ द्याव्यात. तात्या उठले. पाच मिनिटांनी शाळेच्या मास्तरांनी मांडलं की गाड्या गावाबाहेरच अडवाव्यात. तात्या पुन्हा उठले.

सरपंचबाई वैतागल्या. "तात्या, आत्ताच तुमी उलटं म्हणला ना?"

"मी कुठं काय म्हणलो? संतोष एकटा उभा व्हता, मास्तरबी एकटंच उभं व्हतं. मी नुसता उठलो."

तो दिवस आम्ही दोन्ही ठराव तहकूब करून निभावला.

ही सवय सभेपुरती राहिली असती तर ठीक होतं. एकदा रानभाज्यांच्या महोत्सवाच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे तासभर बोलले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आता आवरा की राव." तात्या उठून म्हणाले, "माजं अनुमोदन." पाहुण्यांनी खरंच आवरलं. घरी सून म्हणाली, आज पिठलं करते, तरी अनुमोदन. मुलानं एकदा कंटाळून सांगितलं, "दादा, आता त्या सभेला जानं बंद करा." तात्यांनी त्यालाही अनुमोदन दिलं आणि पुढच्या सभेला वेळेआधी हजर झाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अनुमोदन दिलं भाऊ. अंमलबजावनी कुठं माज्याकडं आली?"

लोक हसायचे. मीही हसायचो. एवढ्या सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचं काही मत नसतं, असं माझं पक्कं झालं होतं.

मग दोन वर्षांपूर्वीची उन्हाळ्यातली सभा आली. विषय महोत्सवाचा होता. मंडप कुठं, सेल्फीची कमान कुठं, हे सगळं ठरलं. सरपंचबाईंनी सवयीनं विचारलं, "आणखी कुनाचं काही?"

मागून वाडीवरची हिराबाई उठली. ती आणि तिच्याबरोबरच्या बाया पॉइंटवर करवंदं, जांभळं, भाज्या विकतात. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आमी सकाळधरनं सांजपातुर तितं उभ्या असतो. बायांना जायला जागा न्हाई. समदीकडं गाड्या, मान्सं. आमी दिवसभर पानी पीत न्हाई. तितं संडास बांधा."

सभेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाकीचे खाली बघू लागले. मी पेन उचललं आणि पहिल्या रांगेकडं पाहिलं.

तात्या उठले नाहीत.

ते हिराबाईकडं मान वळवून बघत होते. हात गुडघ्यावर होता, पण अंग हलत नव्हतं. सरपंचबाई थांबल्या. हिराबाई थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसायला वाकली.

"बसू नगंस," तात्या म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. ते खुर्चीचा आधार घेत उठले आणि सभेकडं तोंड करून उभे राहिले. "माजं अनुमोदन हाये. आन ह्यो ठराव लिवून झाल्याबिगर मी बसनार न्हाई."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. ते तोवर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सहीला कार्यालयात आले. सही केली तरी गेले नाहीत. म्हणाले, "भाऊ, जुनी रजिस्टरं हायती का? आमची द्वारका एकदा बोलली व्हती सभेत."

द्वारकाकाकू म्हणजे तात्यांची बायको. ती वारली तेव्हा मी नोकरीला लागलेलो नव्हतो.

"काय बोलल्या होत्या?"

"ह्येच. तीबी पॉइंटवर कनसं भाजायची. उभी राहून बोलली. मान्सं हसली. मी तितंच बसलो व्हतो, बाप्या मान्सांत. हसलो न्हाई. पन उठलोबी न्हाई. घरी आल्यावर ती त्यावर एक अक्षर बोलली न्हाई. परत कदी सभेलाबी आली न्हाई."

मी कपाटातली रजिस्टरं काढली. आम्ही दोघांनी दुपारभर पानं उलटली. नाव कुठंच नव्हतं. ज्या सूचनेला अनुमोदक मिळत नाही, ती लिहिली जात नाही. हे मला त्यांना सांगावं लागलं.

"आता घालता येईल का?"

"मागच्या तारखेत न्हाई येत तात्या."

"बरं," असं म्हणून ते उठले. कपाटापाशी पडलेली रजिस्टरं त्यांनी एकेक करून माझ्या हातात दिली.

गावाच्या मानानं संडास लवकर झाला. पुढच्या वर्षीच्या महोत्सवाआधी पाण्यासकट. तरी बाया जाईनात. विचारल्यावर कळलं, टोपल्या सोडून जायचं कसं? माकडं टपलेली असतात.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी मी पॉइंटवर गेलो, तर तात्या टोपी सावरत जमिनीवर मांडी घालून बसलेले. भोवती सात-आठ टोपल्या, हातात माकडांसाठी काठी. पुण्याच्या एका बाईंनी करटोली उचलून विचारलं, "काका, ही कशी करायची?"

"मला न्हाई ठावं," तात्या म्हणाले. "जिची हाये ती येतीय. घाई न्हाई. तिला सावकाश येऊ द्या."